आमची वाटचाल : तंगूस-गरीपासून टूनाच्या रीलापर्यंत

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान सुरू झालं ते तंगूस, गऱ्या, शिसं आणि दोर यांवर. रॉड आणि रील यांना कपाटात एक खण होता. हौसेने गरवणारे पुणे-कोल्हापूरहून येऊ लागले, मस्कत-दोह्याहून सुट्टीवर आलेले गाववाले तिकडची रीलं दुरुस्तीला टाकून जाऊ लागले, तसा मागचा अर्धा गाळा दुरुस्तीच्या बेंचने घेतला. पुढे विकायला काय ठेवायचं हेही बेंचच ठरवायला लागला. जे रील उघडता येतं, ज्याचा सुटा भाग मिळतो आणि जे परत जोडल्यावर पहिल्यासारखं चालतं, तेच कपाटात राहिलं. बाकीची नावं एकेक करून निघाली.

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा असते ती कुप्यासाठी, म्हणजे टूनासाठी, जिगिंगचं (जड धातूचं आमिष, म्हणजे जिग, खोल सोडून झटके देत वर आणायचं) रील कुठलं घ्यावं, याची. आधी मासा कुठला ते ठरवा. किनाऱ्याजवळचा तीन ते सहा किलोचा गेदर, म्हणजे छोटा कुपा, चांगलं मध्यम रील मोडत नाही. ५००० किंवा ६००० आकाराचं रील, पीई २ ते ३ ची ब्रेड (विणलेला दोर, पीई हा त्याच्या जाडीचा आकडा) आणि ६० ते १०० ग्रॅमची जिग एवढ्यात काम होतं. खरा कस लागतो तो पिवळ्या पराच्या कुप्याला, म्हणजे यलोफिनला. अंदमान-लक्षद्वीपकडच्या खडकांवरच्या डॉगटूथ कुप्याला त्याहून जास्त. यलोफिन होडीखाली गोल गोल फिरत तासभर दमवतो. डॉगटूथ पहिल्याच धावेत दोर खडकावर घासून तोडायला बघतो, म्हणून त्याला सुरुवातीपासूनच जास्त ड्रॅग (दोर सुटताना रील लावतं तो ब्रेक) लावावा लागतो.

जिगिंग रीलाला का मारतं हे आकड्यात बघा. शंभर मीटर पाण्यात २०० ग्रॅमची जिग सोडली आणि हँडलच्या एका फेऱ्याला सुमारे एक मीटर दोर येत असेल, तर एकदा वर आणायला शंभर फेरे. तासात पंधरा-सोळा वेळा खाली-वर झालं की दीड हजारांवर फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात रॉडचा झटका. ट्रोलिंगचं (चालत्या होडीमागे आमिष ओढायचं) रील मासा लागेपर्यंत होल्डरमध्ये स्वस्थ बसलेलं असतं. जिगिंगच्या रीलाचे गिअर, हँडलचा सांधा आणि उलट फिरण्याला अडवणारा वन-वे क्लच मात्र मासा लागायच्या आधीच अर्धे झिजलेले असतात. खोक्यावर छापलेला 'मॅक्स ड्रॅग' यातलं काहीही सांगत नाही.

म्हणून आम्ही पहिल्यांदा गिअर बघतो. स्वस्त रीलात मुख्य गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला असतो. चिल्लर मासळीला तो वर्षानुवर्षं चालतो, जिगिंगला एका हंगामात दातांच्या कडा बसतात आणि हँडल फिरवताना वाळू भरल्यासारखी खरखर येते. गिऱ्हाईक म्हणतं, "ग्रीस भरून द्या." ग्रीसने आवाज दबतो, दात परत येत नाहीत. यापुढच्या दोन वाटा आहेत. एक पितळी गिअर, पेन कंपनीच्या स्लॅमर रीलासारखा, वजनाला जड पण सोशिक. दुसरी थंड अवस्थेत दाबून घडवलेला ॲल्युमिनियम मिश्रधातूचा गिअर, शिमानो सारागोसा आणि स्टेलामध्ये असतो तसा. तो हलका आणि गुळगुळीत, पण त्याला वेळच्या वेळी ग्रीस लागतं. हँडल मुख्य गिअरमध्ये थेट आट्यांवर बसणारं घ्यावं. आरपार लांब स्क्रूने आवळलेलं हँडल झटक्यांनी सैल होतं आणि तिथूनच खेळ सुरू होतो.

वन-वे क्लच हा जिगिंगमधला छुपा घातकी भाग. आत बारीक रोलर आणि त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा असतात. उन्हात तापलेल्या रीलातलं जाड ग्रीस वितळून त्यात सरकलं की रोलर चिकटतात. नेमका मासा लागल्यावर हँडल सटकन उलट फिरतं आणि बोटांच्या पेरांवर बसतं. आम्ही क्लच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो, पूर्ण वाळवतो आणि पातळ तेलाचा फक्त हात फिरवतो. इथे ग्रीसचा ठिपकाही नको.

ड्रॅगबद्दल थोडं सविस्तर. दहा किलो ड्रॅगवर माशाने वीस सेकंदांत शंभर मीटर दोर ओढला तर साधारण ९.८ किलोज्यूल ऊर्जा वॉशरमध्ये उष्णता होऊन जिरते, म्हणजे ४९० वॉट. घरच्या १००० वॉटच्या इस्त्रीच्या निम्मी उष्णता, तीही दोन-तीन चकत्यांत. फेल्टच्या चकत्या मऊ सुटतात, पण इतक्या तापल्या की कोरड्या पडून काळ्या होतात. कार्बन फायबरच्या टिकतात. त्या कोरड्या चालतात, तरी आम्ही ड्रॅगच्या ग्रीसचा पातळ थर देतो, कारण त्याने सुरुवातीचा अडखळा जातो. दोर सुटताना आधी अडकून मग झटक्याने सुटला तर गाठ तिथेच तुटते. याची परीक्षा सोपी आहे. रील रॉडवर लावा, दोर वरच्या कडीतून घ्या, खाली बादली टांगा आणि सहा लिटर पाणी ओता. बादलीचं वजन धरून साडेसहा किलोच्या आसपास होतं. बादली हळूहळू एकसारखी उतरावी. टप्प्याटप्प्याने उतरली तर चकत्या साफ करा किंवा बदला.

दुकानात बहुतेकांना नवीन वाटते ती गोष्ट अशी, की ड्रॅग एकदा लावला की तेवढाच राहत नाही. भरलेल्या स्पूलवर (दोर गुंडाळतात त्या रिळावर) दोराच्या गुंडाळीचा व्यास ६४ मिमी आहे आणि मासा पळून तो ४४ मिमीवर आला, तर ८ किलोचा ड्रॅग ११.६ किलो होतो, नॉबला हात न लावता. त्याच वेळी ४.९ च्या गिअरवर (हँडलच्या एका फेऱ्यात दोर गुंडाळणारा भाग ४.९ वेळा फिरतो) एका फेऱ्याला ९८ सेंटिमीटर येणारा दोर ६८ वर येतो. पीई ४ ची ब्रेड ६० पाउंडांची, म्हणजे सुमारे २७ किलोची धरली, तर नेहमीच्या हिशेबाने ड्रॅग तिच्या तिसऱ्या हिश्श्याचा, म्हणजे ९ किलोचा. म्हणून आम्ही सुरुवात सातावर करायला सांगतो आणि स्पूल काठापर्यंत भरायला लावतो.

स्पूलची क्षमता मोजायला कॅल्क्युलेटर लागत नाही. पीईचा आकडा दोराच्या वजनावरून येतो, म्हणून पीई गुणिले मीटर हा गुणाकार जवळपास कायम राहतो. स्पूलवर 'पीई ४ – ३०० मी' लिहिलंय म्हणजे १२००. पीई ३ चा ४०० मीटर बसेल, पीई ६ चा २००. यलोफिनला पीई ४ चा ३०० मीटर आम्ही किमान मानतो, म्हणजे ८००० चा आकार. डॉगटूथला पीई ५ ते ६, आणि त्याला १०००० ते १४००० आकाराचं रील. ब्रेड सैल गुंडाळली तर ओढ बसल्यावर वरचा दोर खालच्या थरांत रुततो. ओल्या फडक्यातून घट्ट धरून, दोन-तीन किलो ताणावर गुंडाळा. तळाशी आधी तंगूसाचे काही वेढे द्या, नाहीतर अख्खी ब्रेड स्पूलवर घसरत फिरते आणि माणूस ड्रॅगला दोष देत बसतो.

गिअर रेशोबद्दल आमचं मत ठाम आहे. शिमानोच्या भाषेत पीजी म्हणजे साधारण ४.४ ते ४.९, एचजी ५.६ ते ५.८, एक्सजी ६.२ च्या आसपास. खोल पाण्यात जड जिग आणि मोठा कुपा असेल तर पीजी घ्या. एक्सजी जिग पळवतं, पण मासा खाली बसला की मनगट आधी हरतं. एकच रील घेऊन सुरमई आणि कुपा दोन्ही करायचे असतील तर एचजी.

सील आणि 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जास्त पैसे जातात, म्हणून तेही नीट समजून घ्या. आयपीएक्स ६ ही चाचणी म्हणजे १२.५ मिमी नोझलमधून मिनिटाला १०० लिटरचा फवारा किमान तीन मिनिटं सहन करणं. तीही गोड्या पाण्याची. वर्षभर मिठात मुरलेल्या, ओठ कडक झालेल्या रबरी सीलबद्दल ती काही बोलत नाही. दाइवाच्या मॅगसीलमध्ये रबराऐवजी चुंबकाने धरलेलं तेल असतं. त्याने फिरणं हलकं राहतं, पण तो भाग घरी उघडायचा नाही. तेल गेलं की ते परत नेमकं भरायला साधन आणि सवय लागते. तुमच्या जवळ ते करणारं कोणी नसेल तर हा विचार खरेदीआधी करा. दाइवाच्याच बीजी या रीलात ही भानगड नाही. ते घरी उघडून साफ करता येतं, आणि मध्यम कुप्याला आम्ही ते बिनधास्त देतो.

बेअरिंगच्या संख्येवर रील विकणं आम्ही कधीच सोडलं. चौदा बेअरिंग म्हणजे गंजायला चौदा जागा. सगळ्यात आधी जातं ते लाइन रोलरचं (दोर ज्यावरून वळून स्पूलवर येतो त्याचं) बारीक बेअरिंग. ते अडकलं की रोलर फिरत नाही, ब्रेड त्यावर घासते, आणि नवाकोरा दोर कुठेही तुटायला लागतो. दर फेरीनंतर तिथे तेलाचा एक थेंब टाकला तरी अर्धी दुरुस्ती वाचते. बेअरिंग मापाने मिळतं, कंपनीच्या नावाने शोधायची गरज नसते. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी ही तीन मापं घ्या. दोन्ही बाजूंनी झाकलेलं ६८७ म्हणजे ७×१४×५ मिमी. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर ते स्टेनलेसमध्ये मागा, साधं पोलादी घेतलंत तर महिन्यात तपकिरी होईल.

ओव्हरहेड रीलांचा, म्हणजे लिव्हर ड्रॅगवाल्यांचा, मुद्दा थोडक्यात. त्यांना लाइन रोलर नाही, बेल (दोर धरून स्पूलवर घेणारी तारेची कमान) नाही, दोराला वळण नाही, म्हणून बिघडायच्या जागा कमी. स्लो पिचला (जिग संथ लयीत हलवायच्या पद्धतीला) आणि जड ओढीला ती उत्तम. फक्त दोर अंगठ्याने सारखा पसरवायची सवय लागते.

आमचा खरा हंगाम म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी. होड्या वर ओढलेल्या, रीलं बेंचवर. तेव्हा दिसतं की निम्मं नुकसान धुण्याच्या पद्धतीने होतं. उन्हात तापलेलं रील थेट बादलीत बुडवलं की आतली हवा आकसते आणि पाणी सीलच्या आत ओढलं जातं. पाइपच्या जोरदार धारेने मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग घट्ट करा, रील सावलीत निवू द्या, मग नळाच्या हलक्या धारेखाली अर्धा मिनिट धरा. किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते वापरू नका. झटकून सावलीत वाळवा आणि वाळल्यावर ड्रॅग सैल सोडा, नाहीतर चकत्या दबून चिकटतात. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचे स्क्रू वर्षभर तसेच राहिले की पांढरी भुकटी धरून जाम होतात. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावून परत बसवा.

बाहेरून बॅगेत आणलेलं रील स्वस्त पडतं, हे खरंय. पण विकत घेताना त्याचा भागांचा नकाशा आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक मागा. जपानमध्ये विकलं जाणारं मॉडेल आणि आपल्याकडे येणारं मॉडेल नावाने सारखं असलं तरी काही भाग वेगळे निघतात. क्रमांकाशिवाय आम्हालाही भाग मागवता येत नाही.

विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेसारख्या लांबच्या फेरीला जाणाऱ्यांना आम्ही रीलासोबत एक डबी देतो. त्यात लाइन रोलरची दोन बेअरिंगं, ड्रॅगच्या चकत्यांचा एक संच, बेलची स्प्रिंग, हँडलचा स्क्रू, पातळ तेलाची कुपी आणि बारीक स्क्रूड्रायव्हर असतो. वन-वे क्लच मात्र होडीवर उघडू नका. हलत्या होडीवर त्याच्या स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत. अशा फेरीला दुसरं रील बरोबर ठेवा.