वरण उतू गेलं की

वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत भसकन पिवळी होते. आई आतून ओरडते, ‘अगं, गॅस बारीक कर!’ मी मात्र फडकं हातात धरून क्षणभर त्या पिवळ्याकडे बघत राहते. वरणातल्या मिठातलं सोडियम. बारावीच्या प्रॅक्टिकलपासूनची ओळख.

ओळख कसली, वैरच. दिलेला क्षार ओळखायचा असे. वॉच ग्लासमध्ये चिमूटभर पूड घ्यायची, हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे आणि प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला ते लावून बर्नरच्या ज्योतीत धरायचं. बेरियम असेल तर पोपटी, कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम किरमिजी, तांबं मोरपंखी. साड्यांच्या दुकानातले रंगच सगळे! माझ्या वाट्याला आलं पोटॅशियम. त्याचा जांभळा इतका फिका, की दुसरं कुणी पुढे आलं की हा मागे सरकलाच. माझी ज्योत पिवळीधमक. मी जर्नलमध्ये ‘सोडियम’ लिहून मोकळी. बाईंनी त्यावर लाल काट मारली. ‘तारेला बोट लावलंस ना?’

घामातलं मीठ! मग त्यांनी कोबाल्टच्या निळ्या काचेचा तुकडा दिला. ती काच पिवळा गिळून टाकते. तिच्यातून पाहिलं, तर दडून बसलेलं पोटॅशियम गुलाबीसर जांभळं दिसलं.

या मिठाने बुन्सेन आणि किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञांनाही सोडलं नव्हतं. १८६० साली हायडेलबर्गमध्ये त्यांनी खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात अवघं ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेत मिसळून उडवलं. काही मिनिटांत ज्योत पिवळी. मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ते ओळखू शकत होते. काही पावलांवर धुळकट पुस्तक फटकन मिटलं, तरी त्यांच्या वर्णपटात, म्हणजे ज्योतीच्या उजेडाचे रंग सुटे करून दिसणाऱ्या पट्ट्यात, सोडियमची पिवळी रेघ लखलखायची. समुद्राचे तुषार हवेत सुकतात आणि मिठाचे कण वाऱ्यावर फिरत राहतात, असं त्यांचं म्हणणं. हायडेलबर्गहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब!

हे वाचल्यावर राहवेना. माळ्यावरून तेच जर्नल काढलं, गॅसपासून दोन पावलांवर उभी राहिले आणि फाडकन मिटलं. निळ्या ज्योतीत पिवळ्या जिभा लवलवल्या.

‘स्वयंपाकघरात धूळ कसली उडवतेस?’ आतून आईचा आवाज.