वीज नव्हती आणि मशीन पाणी पीत होतं

गणेश चवथीला आठवडा राहिला होता आणि घरातले सगळे पडदे धुवायला काढले होते. रात्री शेवटचा घाणा आटोपून मशीन बंद केलं आणि झोपलो. पहाटे चारच्या सुमारास उकाड्याने जाग आली. पंखा बंद. गोव्यातल्या डिचोलीत पावसाळ्यात वीज जाणं काही नवीन नाही, पण त्या शांततेत न्हाणीघरातून बारीक 'स्स्स' असा आवाज येत होता. मोबाईलचा उजेड मारून पाहिलं, तर मशीनच्या काचेमागे निम्म्यापर्यंत पाणी, त्याला चहाच्या चोथ्यासारखी तांबूस झाक. आधी वाटलं, सांडपाण्याच्या पाइपातून उलटं आलं असेल. पण वास नव्हता, आणि मशीनमागचा नळ पिळल्याबरोबर आवाज थांबला.

सकाळी दुरुस्तीवाल्याला फोन केला. पुरतं ऐकून न घेताच म्हणाला, "कार्ड गेलंय. सहा-सात हजार धरून चला." कार्ड म्हणजे मशीनला हुकूम देणारं आतलं सर्किट.

मी म्हटलं, "अहो, वीजच नव्हती. कार्ड हुकूम देणार कशाच्या जोरावर?"

"तसं होतं कधी कधी," म्हणाला, आणि चवथ झाल्यावर येतो असं सांगून मोकळा झाला.

मला मात्र ते पटेना. पाणी किती भरलं हे प्रेशर स्विच सांगतो, त्यावरून कार्ड पाणी आत सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला वीज देतं किंवा तोडतं. यातलं काही बिघडलं असतं, तर वीज गेल्याक्षणी पाणी थांबलं असतं. विजेशिवाय पाणी येतंय, म्हणजे व्हॉल्व्हच उघडा अडकलाय. एरवी हे कळायला प्लग काढून बघावं लागलं असतं. माझं काम वीज खात्याने परस्पर केलं.

नळ बंद ठेवूनच मशीन चालू करून आतलं पाणी उपसलं, मग प्लग काढला. मागचे दोन स्क्रू काढले की वरचं झाकण सरकतं. वायरींचा फोटो काढून ठेवला (हे विसरू नका, दोन्ही वायरी दिसायला सारख्याच असतात) आणि व्हॉल्व्ह बाहेर काढला. मीटर लावला तर त्याच्या दोन्ही कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारी तारेची वेटोळी) चार हजार ओहमच्या आसपास, म्हणजे विजेच्या बाजूने ठणठणीत. मग तो तसाच बागेच्या नळाला जोडला. एका तोंडातून करंगळीएवढी धार, दुसरं कोरडं. झाला निकाल.

नवा तर घ्यावाच लागणार होता, म्हणून जुना खोलून बघितला. आत रबराचा एक पडदा असतो, कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. त्या छिद्रातून पाणी पडद्याच्या वर जातं आणि त्याच दाबाने पडदा खाली बसून वाट बंद होते. माझ्या व्हॉल्व्हमध्ये त्या छिद्रात चिऱ्याच्या मातीचा कण रुतला होता, लाल, मोहरीच्या निम्म्याएवढा. वर पाणी जाईना, पडदा बसेना. तीन-चार दिवस नळाला पाणी नव्हतं, तेव्हा परसातल्या विहिरीचं पाणी टाकीत चढवलं होतं. पावसाळ्यात ते गढूळच असतं.

पण गाळ अडवायला पाइपाच्या तोंडाशी जाळी असते. ती कुठे गेली?

बायकोने स्वयंपाकघरातला खण उघडला आणि फ्यूजच्या तारा, जुन्या किल्ल्या यांतून प्लास्टिकची बोंडाएवढी जाळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. दोन वर्षांपूर्वी पाणी हळू भरतंय म्हणून मीच पकडीने ती उपटली होती. "आता बघ कसं पाणी येतं ते," असं तेव्हा म्हणालो होतो म्हणे. माझ्या ते लक्षात नाही. तिच्या आहे.

शुक्रवारी म्हापशाला गेलो. बाजारात माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीच्या) सामानासाठी ही गर्दी, त्यातून वाट काढत सुट्या भागांचं दुकान गाठलं. जुना व्हॉल्व्ह दाखवून तसाच घेतला, सातशे रुपये. जोडायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा खाली पडलेली क्लिप शोधण्यात. नळ उघडून, प्लग न लावता तासभर समोर स्टूल टाकून बसलो. थेंब नाही.

नव्या व्हॉल्व्हला जाळी आहे आणि ती जागेवरच राहणार आहे, त्यामुळे पाणी पुन्हा हळू भरतं. पुस्तिका आता कुठे वाचली. किमान ०.३ बार दाब हवा. १० मीटर उंचीला १ बार, म्हणजे टाकी मशीनच्या तोंडापासून ३ मीटर तरी वर पाहिजे. आमची न्हाणीच्या स्लॅबवर, जेमतेम दोन. ती चार फूट उचलायला गवंड्याला सांगितलंय. तोही चवथ झाल्यावर येतो म्हणाला. कुठली चवथ, ते मी विचारलं नाही.