प्लॅग किती आला? – कॉन्फरन्स पेपर छापून येईपर्यंतचा माझा अनुभव

कॉन्फरन्सचा पेपर म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला: "प्लॅग किती आला?" म्हणजे प्लॅजिअरिझम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने आधीच्या लिखाणाशी किती टक्के साम्य दाखवलं. पीएच.डी. आणि एम.टेक.च्या मुलांचे पेपर आयट्रिपलई (अभियंत्यांची जागतिक संस्था), स्प्रिंगर (प्रकाशनसंस्था) यांच्या कॉन्फरन्सना पाठवताना मला मात्र उलटंच दिसतं. टक्क्यापायी अडकणारे पेपर थोडे. नावं, चित्रं, संदर्भ आणि शेवटच्या आठवड्यातली घाई यांपायी अडकणारे जास्त.

म्हणून मी सुरुवात नावांपासून करतो, तीही पेपर लिहून होण्याआधी. पेपर पाठवायची वेबसाइट ईझीचेअर असो की सीएमटी, सबमिशनच्या वेळी भरलेली नावं आणि त्यांचा क्रम पेपर स्वीकारल्यावर बहुतेक ठिकाणी बदलू देत नाहीत. कॅमेरा-रेडीच्या, म्हणजे छपाईची अंतिम प्रत देण्याच्या, वेळी "सरांचं नाव राहिलंच" असं निघालं की आयोजकांच्या मनात पाल चुकचुकते, आणि ते रास्तच आहे. तयार पेपरवर नावाच्या जागा विकणाऱ्यांची खूण नेमकी हीच असते. आयट्रिपलई लेखकाकडून तीन गोष्टी मागते: कामात भरीव बौद्धिक वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, आणि अंतिम प्रतीला मान्यता. तिन्ही हव्यात. लॅब उघडून दिली, रजिस्ट्रेशनची फी भरली, विभागप्रमुख आहेत, एवढ्याने आभारात जागा मिळते, लेखकांत नाही. हे एचओडींना तोंडावर सांगणं अवघड असतं. मी नियमाचा छापील कागदच पुढे ठेवतो, म्हणजे वाईटपणा नियमाकडे जातो.

आता तो टक्का. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे तीन टप्पे आहेत. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, प्रमाणित समीकरणं आणि चिन्हं मोजणीतून वगळायची असतात. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळतात. म्हणून अहवाल काढण्याआधी फिल्टर नीट लावलेत का ते बघायचं. संदर्भसूची वगळायची राहिली, तर चांगल्या पेपरचाही आकडा सहज २५ वर जातो आणि मुलगा रडकुंडीला येतो.

पण खरं काम आकड्यानंतर सुरू होतं. १६ टक्क्यांचा अहवाल उघडला आणि ३० स्रोतांतून अर्धा-अर्धा टक्का जमलेला दिसला, तर बहुधा ती विषयाची ठरीव शब्दरचना असते. ९ टक्क्यांच्या अहवालात ७ टक्के एकाच पेपरमधून आलेले असले, तर मी थांबतो. तिथे मेथड विभागातला अख्खा परिच्छेद उचललेला असतो. कित्येकदा तो मुलाच्याच आधीच्या पेपरातला असतो आणि "माझंच तर आहे" हे उत्तर तयार असतं. स्वतःचंही जुनं लिखाण उल्लेख न करता पुन्हा छापणं चालत नाही. पद्धत तीच असेल तर आधीच्या पेपरचा संदर्भ देऊन ती दोन ओळींत आटपावी.

आकडा उतरवायला मुलं वाक्यं फिरवून देणारं टूल वापरतात. त्याचा मासला २०२१ मध्ये काही संशोधकांनी जगापुढे मांडला: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'च्या जागी 'कोलॉसल इन्फर्मेशन'. असे शब्द शोधणारी यंत्रणाच आता आहे, त्यामुळे प्लॅग ३ टक्के आला तरी पेपर पकडला जातो. रुळलेली संज्ञा बदलायची नसते; बदलायचं ते वाक्य, आणि तेही समजून घेऊन.

आणखी एक, प्लॅग तपासायला फुकटच्या साइटवर अप्रकाशित पेपर चढवू नका. कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्येही 'रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या साठ्यात) साठवू नये' हा पर्याय निवडा. नाहीतर आयोजकांच्या तपासणीत तुमचाच मसुदा सापडतो आणि साम्य ९० च्या पुढे जातं.

एआयची मदत घेतली असेल तर आयट्रिपलईच्या नियमाप्रमाणे कोणती प्रणाली, कोणत्या विभागात, किती प्रमाणात, हे आभाराच्या भागात लिहायचं. भाषेची किरकोळ दुरुस्ती त्यात सक्तीने येत नाही, तरी लिहिलेलं बरं. संदर्भांचं मात्र हातानेच करावं लागतं. प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून शीर्षक, लेखक आणि वर्ष ताडून पाहायचं. एआयने रचलेले संदर्भ दिसायला अगदी खरे असतात. डीओआय उघडला की भलताच पेपर निघतो, नाहीतर काहीच निघत नाही.

डबल-ब्लाइंड कॉन्फरन्स असेल, म्हणजे लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावं कळू द्यायची नसतील, तर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं नाव, गिटहबची लिंक आणि अनुदानाचा क्रमांक काढायचा. 'आमच्या आधीच्या पेपरात' हे वाक्यही तिसऱ्या व्यक्तीत फिरवायचं.

कॉपीराइट फॉर्म सगळे डोळे मिटून भरतात. सही करणारा सगळ्या सहलेखकांच्या वतीने लिहून देतो की काम आमचं आहे आणि दुसरीकडे छापलेलं नाही. एकच पेपर दोन कॉन्फरन्सना टाकून 'आधी येईल ती घेऊ' म्हणणारे इथे खोटी सही करतात. दुसऱ्याच्या पेपरातली आकृती वापरली असेल तर खाली संदर्भ देणं पुरत नाही, प्रकाशकाची परवानगी लागते. बरेच प्रकाशक राइट्सलिंक या ऑनलाइन सेवेवरून ती देतात.

या सगळ्याआधी कॉन्फरन्स खरी आहे का हे बघायचं राहूनच जातं. दोन दिवसांत स्वीकृती आणि रिव्ह्यूचा एकही शब्द नाही, तर फी भरू नका. आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. 'स्कोपस इंडेक्स्ड'ची, म्हणजे स्कोपस या संशोधन-सूचीत नोंद होण्याची, हमी आयोजक देऊच शकत नाही, तो निर्णय प्रोसीडिंग्ज (कॉन्फरन्समधल्या पेपरांचं संकलन) छापून आल्यावर स्कोपस घेतं. मागच्या वर्षीच्या पेपरचा डीओआय बघा: १०.११०९ ने सुरू होत असेल तर आयट्रिपलई, १०.१००७ असेल तर स्प्रिंगर, १०.११४५ असेल तर एसीएम (संगणकशास्त्राची संस्था). अर्थात मोठं नाव म्हणजे बिनघोर असंही नाही. २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयट्रिपलईला संगणकाने जुळवलेले १२० हून अधिक निरर्थक पेपर काढून टाकावे लागले होते.

पेपर सादर करायला कोणीच गेलं नाही तर आयट्रिपलई तो एक्स्प्लोअर या आपल्या ऑनलाइन ग्रंथालयावर न चढवण्याचा हक्क राखून ठेवते. सहलेखकाला पाठवायचं असेल तर आयोजकांना आधी मेल करून लेखी होकार घ्या. ऐनवेळी फोनवर 'चालेल हो' म्हणणारा माणूस नंतर सापडत नाही.

पुढे तेच काम जर्नलला द्यायचं असेल तर कव्हर लेटरमध्ये कॉन्फरन्स पेपरचा डीओआय आणि नवीन काय घातलं ते विभागवार लिहायचं. बरीच जर्नल्स किमान ३० टक्के नवा मजकूर मागतात. त्यात नवे प्रयोग आणि नवे निकाल मोजतात, वाढवलेली प्रस्तावना नाही.