चौदा उन्हाळे

वयाचा मान मागायचा असला की लोक म्हणतात, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." हे बोलणं नक्की कोकणातून नाहीतर घाटावरून आलेलं असणार. नागपुरात पावसाळे काय, कोणीही पाहतो. इथे मोजायचे ते उन्हाळे. आमच्या सांब्यानं चौदा काढले.

नावाचं आधी सांगते. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. २०१०च्या पावसाळ्यात आई गोकुळपेठ बाजारात भाजी घ्यायला गेली, तर सांबारवालीच्या गोणपाटाखाली कुत्र्याचं हे ओलंचिंब पिल्लू. "घेऊन जा बाई, जुडीवर फुकट," ती म्हणाली. पुण्याची मावशी शेवटपर्यंत समजत राहिली, की त्याला इडली फार आवडते म्हणून ते नाव.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं घरातली सगळ्यात मोक्याची जागा हेरली. होळी झाली की बाबा कूलर काढतात. ताट्यांमधलं जुनं, क्षारानं कडक झालेलं गवत उपसायचं, नवं भरायचं, टाकी घासायची, पाण्याच्या नळीची बुजलेली भोकं सुईनं मोकळी करायची. सांब्या हे सगळं मुकादमासारखा बसून बघायचा. आणि एकदा पंखा फिरला, ओल्या गवताचा तो पहिला वास घरात आला, की ऐन झोतात लादीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून मोकळा. बाबा ओरडायचे, "बे सांब्या, कूलर काय तुह्या बापाचा हाय का?"

आई आतून म्हणायची, "बापाचाच तर आहे."

कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, तेवढाच. बाकीची उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवायची. २३ मे २०१३ला नागपूरचा पारा ४७.९ला गेला, त्या दुपारी त्याची जीभ पार लादीला टेकली होती. बाबांनी काही न बोलता आपली खाट बाजूला ओढली आणि सगळा झोत त्याला दिला. नंतर म्हणाले, मला तसाही वारा सहन होत नव्हता, सर्दी होती. ऐन मे महिन्यात.

कूलर भरायचं कामही हळूहळू त्याच्याकडेच गेलं. संध्याकाळी टाकीत पाइप सोडून आम्ही टीव्हीपुढे बसायचो. पाणी काठावरून सांडायला लागलं, की सांब्या भुंकायचा. त्याच्या भरवशावर आम्ही कितीतरी वर्षं टाकीत डोकावलोसुद्धा नाही. मग एका संध्याकाळी मागचं अंगण पाण्यानं भरलं आणि हा शेजारीच निवांत झोपलेला. आम्ही त्याला आळशी म्हणालो, कामचुकार म्हणालो. त्याला ऐकू येणं बंद झालंय हे कळायला आणखी पंधरा दिवस गेले.

पुढे एकेक सुरू झालं. बुबुळांवर निळसर झाक आली. मोतीबिंदू नाही, वय आहे, डॉक्टर म्हणाले. मागचे पाय लादीवर घसरायचे म्हणून आईनं घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्या. येणाऱ्याला वाटायचं, घरात कार्य आहे. २०२४च्या मे महिन्यात किडन्या थकल्या. भांडंभर पाणी पिऊन पुन्हा भांड्याकडेच बघत बसायचा. क्रिएटिनिन आठच्या वर. कातडीखाली सलाइन दिलं, की पाठीवर बैलासारखं वशिंड यायचं आणि सावकाश विरायचं. बाबा त्याला पोळ्याच्या वेळी झूल घालू म्हणायचे.

खाणंही सुटलं. दर रविवारी बाबा तर्री-पोहे आणतात. कुत्र्याला कांदा विषासारखा, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून जन्मभर त्याच्या वाट्याला नुसता वास आला होता. त्या रविवारी बाबांनी चमचाभर तर्री त्याच्या नाकाशी धरली. त्यानं हुंगलं, भिडेखातर जीभ लावली आणि मान फिरवली. बाबा उठले आणि कूलरमध्ये पाणी आहे का बघायला गेले. टाकी भरलेलीच होती.

डॉक्टर म्हणाले, "शनिवारी सकाळी घरीच येतो. ऊन चढायच्या आत."

शुक्रवारी, ३१ मेला, गावभर एकच विषय होता. आदल्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता म्हणे, पण तोवर आकडा देशभर पोचलेला. मावशीचा फोन आला, "छप्पन्न? अगं, जिवंत आहात ना सगळे?" आईनं "हो" म्हणून फोन ठेवून दिला.

मागच्या अंगणात जांभळाखाली जागा ठरली. शेजारचे काका सब्बल घेऊन आले. नवतपातली जमीन ती. दोन घाव घातले तर नुसते ढेपळे उडाले. "रातभर पाणी सोडा," ते म्हणाले, "सकाळी पाहू."

बाबांनी कूलरचा पाइप ओढून जांभळाखाली सोडला. माती आधी पाणी घेईना, मग फुगे सोडत प्यायला लागली. आणि दोन दिवस जागचा न हललेला सांब्या उठला. पायरीवर थांबला, मागचे पाय गोळा केले, उतरला, डुलत डुलत तिथवर गेला. ओल्या मातीत पुढच्या पंज्यांनी दोनदा उकरल्यासारखं केलं आणि पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडला.

आम्ही तिघं नुसते उभे. त्याला तिथून उठव म्हणायचं कोणाच्या जिभेवर येईना. शेवटी आईच म्हणाली, "राहू द्या. गार वाटून राहिलं त्याला."

कोणाचं वाईट चिंतायचं तर आपल्याकडे 'कुत्र्याच्या मौतीनं मरशील' म्हणतात. सांब्याची मौत अशी होती: कूलरपुढची जागा, आईची मांडी, सतरंजीवर मांडी घालून बसलेले डॉक्टर. आधी झोपेचं इंजेक्शन. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीचं औषध, मात्रेच्या कितीतरी पट. "डोळे उघडेच राहतील, घाबरू नका," त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला तरी मला पटेना, कारण त्याच्या कानावरचे केस हलत होते. कूलर बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

रात्रीच्या पाण्यानं जमीन मऊ झाली होती. कमरेइतका खड्डा, खाली-वर खडे मीठ. आईनं त्याच्याशेजारी सांबाराची अख्खी जुडी ठेवली. एरवी बाबा म्हणाले असते, वीस रुपयांची आहे.

उन्हाळा अजून बाकी होता, त्यामुळे कूलर भरावाच लागायचा. पाइप टाकीत सोडून बाबा पायरीवर बसत. पाणी काठापर्यंत येई, सांडे, अंगणाच्या उतारानं जांभळाकडे जाई.

"बाबा, टाकी वाहून राहिली."

"माहीत आहे."