तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तीच गाडी?

लग्नकार्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपाच्या रांगेत मला हटकून विचारलं जातं, "अजून तीच गाडी? मध्येच बंद नाही पडत?" भाच्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्याचं नुकतंच लग्न झालंय, बजेट बेताचं आहे. तो विचारतो, "मावशी, मी पण तुझ्यासारखी सेकंड हँड सेडान घेऊ का?" दोन्ही प्रश्नांना उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०१० सालची, पेट्रोलची, एमएच-१२ म्हणजे पुणे पासिंगची. आम्ही ती २०१४ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं त्या काळातल्या कुठल्याही साध्या पेट्रोल सेडानला लागू पडेल. डिझेलचं मात्र मला विचारू नका. टर्बो, इंजेक्टर यांचा खर्च मी कधी केलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलायचा मला अधिकार नाही.

जुन्या गाडीबद्दल लोक आधी विचारतात ते रनिंग. लाख झालं का, दीड लाख झालं का. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. ऑइल वेळेवर बदललेलं आणि एकदाही न तापलेलं पेट्रोल इंजिन सहसा दगा देत नाही. वय झालेल्या गाडीत आधी जातं ते रबर: पाण्याचे होज म्हणजे रबरी नळ्या, सस्पेन्शनचे बुश म्हणजे सांध्यातले धक्के जिरवणारे रबरी तुकडे, इंजिनाची माउंटिंग, ऑइल सील, बेल्ट, दरवाज्यांची रबरं, टायर. गाडी चालो न चालो, ऊन आणि वर्षं त्यावर आपलं काम करतच असतात. म्हणून "आजोबांची गाडी, वर्षाला दोन हजार किलोमीटर, जवळजवळ नवीच" असं कोणी सांगितलं की मी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर तेवढं जुनं आहेच. आणि टायरचं जे वय, तेच बहुधा न दिसणाऱ्या होजचंही.

होज कसा बघायचा ते मला आमच्या मेकॅनिक काकांनी शिकवलं. सकाळी गाडी पूर्ण गार असताना बॉनेट उघडायचं. रेडिएटरच्या वरच्या बाजूला इंजिनाकडे जाणारा जाड काळा होज असतो, तो दोन बोटांत दाबायचा. चांगला होज दबतो आणि लगेच मूळ आकारात येतो. म्हातारा होज एकतर कडक लागतो, दाबल्यावर आतून बारीक करकर जाणवते, नाहीतर तेल लागून फुगलेला आणि पिलपिलीत झालेला असतो. क्लिप जिथे आवळलेली असते तिथे बोट फिरवायचं. पांढरट किंवा हिरवट पापुद्रा हाताला लागला तर तिथून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, झिरपतंय आणि वाळतंय. आमच्या गाडीत असा पापुद्रा दिसला तेव्हा काका म्हणाले, "ताई, आज वरचा गेलाय, खालचाही त्याच वयाचा आहे. दोन्ही एकदम टाकू." खालचा वरून धड दिसतही नव्हता. काढल्यावर आतून चिरा गेलेल्या होत्या.

ही काळजी का घ्यायची ते मे महिन्यातला खंबाटकी घाट सांगतो. आमचं गाव साताऱ्याकडे, त्यामुळे तो रस्ता पाठ आहे. सुट्टीच्या शनिवारी पुण्याहून निघालेल्या गाड्या चढावर अडकतात, समोर ट्रक, वर ऊन, एसी चालू, पाय क्लचवर. दर वेळी कडेला दोन-चार गाड्या बॉनेट उघडून उभ्या असतात आणि कोणीतरी बाटलीतलं पाणी ओतत असतं. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडणं धोक्याचं आहे. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून ते शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडल्यावर दाब सुटतो, ते एकदम उकळतं आणि तोंडावर, हातावर उडतं. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि निवू द्या, मग तास गेला तरी चालेल. काटा लाल रेषेकडे गेल्यावर "समोरच्या हॉटेलपर्यंत नेऊ" म्हणून पुढे रेटलं की इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं हेड, वाकतं, त्याखालचं सील म्हणजे हेड गॅस्केट जातं, आणि काही शे रुपयांच्या होजपायी अख्खं इंजिन खोलायची वेळ येते. नळाचं पाणीही मी टाकू देत नाही. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि कूलंटमध्ये गंज रोखणारं जे असतं ते साध्या पाण्यात नसतं. तयार मिसळलेलं कूलंट मिळतं. त्याचा एक कॅन डिकीत ठेवला की प्रश्न मिटला.

पुण्याच्या रस्त्यांवर दुसरा मार बसतो तो सस्पेन्शनला. सेडान मुळात बुटकी. आपल्याकडचे स्पीडब्रेकर कुठल्या मापाने बांधतात कोण जाणे, पण चार माणसं आणि डिकीत सामान असलं की गाडीचं पोट घासतंच. त्यात पावसाळ्यानंतरचे खड्डे. कमी वेगात खराब रस्त्यावर पुढून "टक टक" आवाज आला की आधी लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे, तपासायचे. ते स्वस्त असतात आणि बहुतेक वेळा दोष त्यांचाच निघतो. बरीच गॅरेजं आवाज ऐकल्या ऐकल्या शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) बदलायला सांगतात. आमचे काका तसं करत नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडे टिकून आहे. ते गाडी वर घेतात, चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, लोअर आर्मच्या, बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालतात आणि हलकेच उचकतात. बुश धड असेल तर किंचित हलून परत बसतो. फाटलेला असेल तर रबर आणि लोखंड वेगळं झालेलं डोळ्यांनी दिसतं. मला ते खाली बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवतात आणि मगच पार्ट आणायला सांगतात. मेकॅनिक निवडताना मी एवढंच बघते की तो बदलायच्या आधी दाखवतो की नाही.

पार्टसाठी नाना पेठ. जुन्या गाडीवाल्यांना हा भाग माहीत हवाच. एकाच पार्टचे दोन-तीन भाव ऐकायला मिळतात: कंपनीच्या खोक्यातला, तोच बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि लोकल. दुसऱ्या प्रकारचा मी डोळे झाकून घेते, कारण अनेकदा वस्तू तीच असते, फक्त खोकं वेगळं. लोकल पार्ट मी फूटमॅटसारख्या गोष्टींत चालवून घेईन. ब्रेक, स्टिअरिंग आणि पाण्याचे होज यांत अजिबात नाही. जाताना पार्ट नंबर लिहून न्यायचा. "२०१० चं मॉडेल" एवढ्यावर दुकानदार जे काढून देतो ते बसेलच असं नाही.

हे नंबर आणि तारखा मी एका वहीत लिहिते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. एवढी स्वस्त आणि एवढी महत्त्वाची गोष्ट इतक्या लोकांच्या गाडीत वर्षानुवर्षं बदललेली नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाण्याबद्दल अजून थोडं. आमच्या रस्त्यावर गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष आहेत, त्यांची बारीक पानं वायपरखालच्या जाळीत जाऊन बसतात. पाणी जायची वाट तुंबली की पावसाचं पाणी पुढच्या सीटच्या पायाशी येतं. दरवाज्यांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की दरवाजा आतून गंजतो. मे संपताना दोन्ही जागा साफ करायच्या, त्याला गॅरेज लागत नाही.

भाच्याला मी सगळ्यात जास्त वेळ समजावलं ते पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा सहकारनगर, अरण्येश्वर भागात गाड्या वाहून एकमेकींवर चढलेल्या आपण पाहिल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. अशा गाड्यांचं पुढे काय होतं? काही भंगारात जातात. काही धुऊन, सुकवून, पॉलिश मारून बाजारात येतात, कधी दुसऱ्या शहरात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा कुबट वास राहिलेला असतो. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात गाळ आहे का, सीटचे रूळ आणि स्क्रू गंजलेत का, ते बघायचं. गाडी सुगंधाने घमघमत असेल तर मी जास्तच बारकाईने बघते. आणि स्वतःची गाडी पाण्यात सापडली तर सेल्फ मारायचा नाही, टो करून न्यायची. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा विषयही हल्ली निघतोच. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्या वीस टक्के मिश्रण चालेल अशा साहित्याने बनतात. आमची त्याच्या कितीतरी आधीची. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा एव्हरेज थोडं उतरणार हे धरून चालायचं. मी घाबरून गाडी विकली नाही, पण पेट्रोलच्या लाइनचं रबर आणि सील तपासून घेतले. गाडी पेट्रोल भरून महिनोन्महिने उभीही ठेवत नाही, कारण इथेनॉल पाणी ओढतं. गाडी फिरती राहिली तर उंदीरही वायरिंगमध्ये कमी घुसतात. पार्किंगमधल्या ज्या गाड्या हलतच नाहीत, त्यांच्याच वायरी कुरतडलेल्या निघतात.

आता पैशाचं. लोक म्हणतात, गाडीची किंमत दीड लाख आणि तू तिच्यावर एका वर्षात चाळीस हजार घातलेस, हे कसं परवडतं? मला ही तुलनाच पटत नाही. गाडी विकायची नसेल तर तिच्या बाजारभावाशी माझा संबंध काय? दहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता महिन्याला पावणेएकवीस हजारांच्या आसपास बसतो. माझा वर्षाचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे असे दोन हप्ते. आणि सस्पेन्शन, क्लच, टायर असे खर्च काही दर वर्षी येत नाहीत.

कागद मात्र चोख हवेत. भाच्यासाठी सांगते: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि विमा लगेच स्वतःच्या नावावर. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ती फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय हरित कर. दिल्लीतल्या पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या बंदीच्या बातम्या वाचून पुण्यातले लोक उगाच घाईने गाड्या विकतात. इथे गाडी तपासणीत पास झाली तर ती कायदेशीर आहे. आमची गेल्या वर्षी झाली. आणखी एक: ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधल्या दोषामुळे जगभर, भारतातही, अनेक गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि तो भाग फुकट बदलून दिला गेला. त्या काळातली गाडी घेत असाल तर चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून ते काम झालंय का बघाच.

नवी गाडी घ्यावी याचं एकच कारण मी मनापासून मान्य करते, ते म्हणजे सुरक्षितता. आमच्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी सोय) आणि पुढच्या दोन एअरबॅग आहेत, पण घसरताना गाडी सावरणारं ईएससी नाही, मागच्या बाजूला एअरबॅग नाहीत. म्हणून पावसाळ्यात रात्री ताम्हिणी किंवा वरंधा घाटात मी ही गाडी नेत नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. भाच्याला बाळ होईल आणि दर आठवड्याला एक्स्प्रेसवेने मुंबई करायची असेल, तर त्याने थोडं थांबून जास्त सुरक्षित गाडीसाठी पैसे साठवावेत. शहरात ऑफिस, बाजार आणि वर्षातून चार-सहा वेळा गाव एवढंच असेल, तर पाच-सहा वर्षांची, एकाच हातातली, सर्व्हिसच्या पावत्या असलेली पेट्रोल सेडान खुशाल घ्यावी. गाडीच्या किमतीच्या वर निदान पन्नास हजार बाजूला ठेवावेत आणि पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, कूलंट, बेल्ट, होज आणि गरज असेल तर टायर बदलून घ्यावेत.

आमची गाडी मी कधी विकेन? बॉडीच्या मुख्य सांगाड्याला, जॅक लावायच्या जागेला किंवा सस्पेन्शन जिथे जोडलंय तिथे गंज खोल गेला तर. किंवा ब्रेकचे चांगले पार्ट मिळेनासे झाले तर. दर पावसाळ्यानंतर काका गाडी वर घेऊन नेमक्या याच जागा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघतात. यंदाची तपासणी ऑक्टोबरात आहे. भाच्यालाही त्या दिवशी गॅरेजवर बोलावलंय, गाडी खालून कशी बघायची ते त्याने घ्यायच्या आधी शिकून घ्यावं म्हणून.