आज ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) बंद

दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टरही झाली. आपल्या नागपूरची पोरगी! तेव्हापासून पालक भेटले की पहिला प्रश्न, "सर, रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) कधी येईल?" अहो, आधी त्याला खेळू तर द्या.

आज धरमपेठच्या बॅचला पटावर फक्त दोन राजे आणि एक पांढरं प्यादं मांडून दिलं. "एवढंच? हे तर सोपं आहे ना सर!" म्हणाले आणि एकूण एक जण बरोबरीत अडकले. प्यादं घाईनं पळवलं की काळा राजा समोर ठाण मांडतो. आपला राजा प्याद्याच्या पुढे चालायला हवा. तो सहाव्या रांगेत आणि प्यादं बरोबर त्याच्या मागच्या घरात असलं, की चाल कोणाचीही असो, डाव आपलाच. (कडेचं प्यादं अपवाद. ते उद्या.)

हे मी सांगायच्या आत एका चिमुरडीनं स्वतःच शोधलं. मोबाइल बॅगेत होते, म्हणून बरं. "हौ सर, जमलं!" म्हणून अशी ओरडली की शेजारचे डोकावले. आता घरी बाबांना रोज काळा राजा घ्यावा लागणार, म्हणे.