काशी हिंदू विश्वविद्यालयात दोन दिवस: आई, गीता आणि वीटी

काशीला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. गंगास्नान, विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, संध्याकाळची आरती, आणि जमलं तर सारनाथ. काशी हिंदू विश्वविद्यालयातलं ‘बिर्ला मंदिर’ परतीच्या वाटेवर वीस मिनिटांत उरकलं जातं. दहा वर्षांपूर्वी आम्हीही तसंच केलं होतं. या जानेवारीत आईला घेऊन पुन्हा गेले, तेव्हा अख्खे दोन दिवस फक्त विद्यापीठाच्या आवारासाठी राखून ठेवले. आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण डोळे आणि पाठांतर शाबूत आहे. या दोन दिवसांत जे मिळालं ते इतकं मनात भरलंय की जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी पोहोचण्याबद्दल. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस रोज आहे आणि ती वाराणसी जंक्शनला येते. तिथले लोक त्याला ‘कैंट’ म्हणतात. पूर्वीचं मंडुआडीह आता ‘बनारस’ नावाचं वेगळं स्टेशन झालंय. तिकिटावर कुठलं नाव आहे ते नीट वाचा, न्यायला येणाऱ्यालाही तेच सांगा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या उशिरा येतात, म्हणून पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. मुक्काम अस्सी किंवा लंका भागात घ्यावा. लंका म्हणजे विद्यापीठाच्या दारातला चौक. तुळशीदासांनी सुरू केलेल्या रामलीलेतली लंका इथे उभी राहायची, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. चौकात विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांचा पुतळा आहे आणि समोर सिंहद्वार. तिथून मंदिर दीड-दोन किलोमीटर आत आहे. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर चालत जायचा हट्ट धरू नका, ई-रिक्षा सतत मिळतात. रिक्षावाल्याला ‘विश्वनाथ मंदिर’ सांगितलंत तर तो शहरातल्या जुन्या मंदिराचा रस्ता धरेल. इथे ‘वीटी’ म्हणायचं. मुंबईकरांच्या कानाला हा शब्द भलत्याच ठिकाणी नेतो, पण इथे वीटी म्हणजे विश्वनाथ टेंपल, तेच ते ‘बिर्ला मंदिर’.

सिंहद्वारातून आत शिरलं की शहराचा गोंगाट मागे राहतो. सुमारे १३०० एकरांचं हे आवार अर्धवर्तुळात आखलेलं आहे. रुंद रस्ते, दुतर्फा मोठाली झाडं, आणि इमारती अशा की प्रयोगशाळा आहे की देऊळ असा प्रश्न पडावा. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या इमारतीवरही छत्र्या आणि शिखरं आहेत. ही जमीन काशीनरेश प्रभुनारायण सिंहांनी दिली. सूर्यास्तापर्यंत जेवढं चालाल तेवढी जमीन तुमची, असं महाराज मालवीयांना म्हणाले, ही दंतकथा आमच्या रिक्षावाल्याने अशी सांगितली की जणू तो त्यांच्या मागोमाग चालत होता. खरं काय ते आहेच: मालवीय देशभर झोळी घेऊन फिरले, एक कोटीहून जास्त रुपये जमवले आणि ४ फेब्रुवारी १९१६ ला पायाभरणी झाली. बोधचिन्हावर सरस्वती आहे आणि खाली ईशोपनिषदातले शब्द, ‘विद्ययाऽमृतमश्नुते’. आईने ते रिक्षातूनच वाचले आणि मला अर्थ विचारला. म्हणजे मला येतो का ते तपासलं.

पहिला दिवस रविवार होता. रविवारी सकाळी मालवीय भवनात गीतेवर प्रवचन असतं. मालवीय स्वतः जिथे राहायचे ते हे घर. आता तिथे योगाचे आणि गीतेचे वर्ग चालतात. भोवतालची बाग सुंदर आहे. प्रवचन हिंदीत होतं आणि आपल्याला सहज कळतं. श्रोते मोजकेच होते: काही निवृत्त प्राध्यापक, काही विद्यार्थी आणि आमच्यासारखे दोन पाहुणे. सुट्ट्यांच्या काळात खंड पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या. पुढे बसायला जागा मिळते, कोणी अडवत नाही.

तिथून वीटीला. या मंदिराचा पाया १९३१ साली घातला गेला. मालवीय १९४६ मध्ये गेले तेव्हा ते अपुरं होतं. बिर्ला घराण्याने काम पुढे नेलं आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. शिखर सुमारे २५० फूट उंच आहे, पायथ्याशी उभं राहून टोक बघायचं तर मान दुखते. जातीधर्माची अट न ठेवता हे सगळ्यांसाठी खुलं आहे. खाली महादेव, वरच्या मजल्यावर लक्ष्मीनारायण आणि दुर्गा. दर्शन पाच मिनिटांत होतं, आणि म्हणूनच बहुतेक लोक पाच मिनिटांत परततात. खरा ठेवा भिंतींवर आहे. आतल्या संगमरवरावर संपूर्ण भगवद्गीता कोरलेली आहे, शिवाय इतर ग्रंथांतली वचनं आणि चित्रंही.

आई सांगलीच्या गीता मंडळात पन्नाशीनंतर संस्कृत वाचायला शिकली. तिने आधी चष्मा पुसला, मग ‘पंधरावा कुठाय?’ म्हणून शोध सुरू केला. आम्ही भिंतीभिंतीने सरकत गेलो. सापडल्यावर ती थांबली, बोट दगडापासून वीतभर लांब धरलं आणि पहिल्या ओळीपासून पुटपुटायला लागली. ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’. वीस श्लोक. लोक मागून येत-जात होते, कोणी ‘चलो चलो’ म्हटलं नाही. पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा बाजूला उभा राहून ऐकत होता. संपल्यावर तो म्हणाला, “दादी, आप बिना देखे पढ़ रही थीं.” खरंच होतं, निम्म्या वेळेला तिचे डोळे मिटलेले होते. त्याने वाकून नमस्कार केला, “महादेव” म्हणाला आणि वर्गाला निघून गेला. आई नंतर खाली पायऱ्यांवर बराच वेळ गप्प बसली. घरी रोज जे म्हणतो ते दगडावर एवढं मोठं लिहिलेलं बघितलं की भीती वाटते, एवढंच म्हणाली.

इथे थोडं व्यवहाराचं. मंदिर पहाटे उघडतं, दुपारी बारा ते एक बंद असतं आणि रात्री नऊपर्यंत चालू राहतं. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला गर्दी असते. भिंती वाचायच्या असतील तर सकाळी आठच्या आसपास या. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि थंडीत संगमरवर बर्फासारखा लागतो, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी जाड पायमोजे हवेतच. उन्हाळ्यात उलट, बाहेरची फरशी भाजते. फोटोंचे नियम पाटीवर बघा. वरच्या मजल्यावर जायला पायऱ्या आहेत. आई एकदाच चढली, तेही कठड्याला धरून. बाहेर टपऱ्यांची रांग आहे, तिथली कोल्ड कॉफी विद्यार्थ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. आम्ही चहाच घेतला.

आता ज्या जागेसाठी मी हा वृत्तांत लिहायला घेतला त्याबद्दल. ती जागा देऊळ नाही, तर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याचं नाव सयाजीराव गायकवाड ग्रंथालय. बडोद्याच्या महाराजांच्या देणगीतून, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाच्या धर्तीवर ही इमारत १९४१ मध्ये उभी राहिली. पण ग्रंथालय त्याच्या बरंच आधीचं, १९१७ चं. त्याची सुरुवात झाली ती प्रा. पी. के. तेलंग यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या पुस्तकांनी. वडील म्हणजे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू, आणि मॅक्सम्युलरच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या ग्रंथमालेसाठी १८८२ साली गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारे विद्वान. गीता जगापुढे नेणाऱ्या मराठी माणसाची पुस्तकं ही या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पहिली पुंजी, आणि तिथून काही मिनिटांवर तीच गीता भिंतीवर कोरलेली. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडच्या किती यात्रेकरूंना हे ठाऊक असेल?

ग्रंथालय विद्यार्थ्यांचं आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, काउंटरवर नम्रपणे विचारा, नाही म्हटलं तर बाहेरून बघून समाधान माना. आम्हाला वाचनगृहाच्या दारात दोन मिनिटं उभं राहू दिलं. एवढ्या मोठ्या दालनात शेकडो मुलं माना खाली घालून बसलेली, आणि पानं उलटल्याचा तेवढा आवाज. आईने सवयीने हात जोडले. तिला मी थांबवलं नाही. मलाही तेच करावंसं वाटलं होतं.

संध्याकाळी खोलीवर आईला विनोबांची गोष्ट सांगितली. १९१६ च्या पायाभरणीच्या सोहळ्यात गांधीजींचं भाषण झालं होतं. विश्वनाथ मंदिराकडच्या गल्ल्यांतल्या घाणीवर आणि व्यासपीठावरच्या राजेरजवाड्यांच्या दागिन्यांवर ते इतकं रोखठोक बोलले की अ‍ॅनी बेझंट यांनी त्यांना मध्येच थांबवलं. त्याच साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला एक तरुण सुरतेला गाडी सोडून काशीला आला. इथे त्याच्या वाचनात ते भाषण आलं, त्याने गांधीजींना पत्र लिहिलं आणि जूनमध्ये तो आश्रमात दाखल झाला. तेच विनोबा भावे. ज्यांच्या गीताईमुळे आईसारख्या हजारो बायकांना गीता पहिल्यांदा कळली, त्यांची वाट इथूनच वळली. आई म्हणाली, “अगं, हे तू मला मंदिरात जायच्या आधी सांगायचं होतंस.” तुम्ही आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी सोमवारी भारत कला भवन. हे संग्रहालय रविवारी आणि विद्यापीठाच्या सुट्टीला बंद असतं. म्हणून क्रम असाच ठेवा: रविवारी मालवीय भवन आणि मंदिर, सोमवारी संग्रहालय. कलासंग्राहक राय कृष्णदासांनी १९२० मध्ये ते सुरू केलं, रवींद्रनाथ ठाकूर पहिले अध्यक्ष होते, आणि १९५० मध्ये ते विद्यापीठात आलं. लघुचित्रं, राजघाटच्या उत्खननातल्या मातीच्या मूर्ती, रशियन चित्रकार रोरिकची हिमालयाची चित्रं, सगळंच बघण्यासारखं आहे. पण वेळ कमी असेल तर एकाच मूर्तीसाठी जा. काशीतल्याच बकरिया कुंडावर सापडलेला गुप्तकाळातला गोवर्धनधारी कृष्ण. माणसापेक्षा उंच, वाळूच्या दगडातला, जागोजागी झिजलेला. डोंगर उचललाय आणि चेहऱ्यावर श्रमाची रेघ नाही. पूजेतून उठून तो संग्रहालयात आला, तरी समोर उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो. निदान दोन तास काढून ठेवा. आत बसायला जागा कमी आहे, गुडघेवाल्यांनी मध्ये मध्ये बाहेर येऊन टेकावं.

कला शाखेत मराठी विभाग आहे, आणि पाली व बौद्ध अध्ययनाचाही. दोन्हीकडे फक्त दारावरची पाटी बघून आलो. संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकायातल्या, म्हणजे विद्याशाखेतल्या, ज्योतिष विभागाचं विश्वपंचांग प्रसिद्ध आहे, आईने मंडळातल्या मैत्रिणींसाठी दोन घेतली.

दुपारी सीर गेटकडून बाहेर पडून सीर गोवर्धनपूरला गेलो. ही संत रविदासांची जन्मभूमी, म्हणजे आपले रोहिदास महाराज. विद्यापीठाच्या कुंपणाला लागून असूनही काशीयात्रेच्या आपल्या यादीत हे नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोनेरी कळसाचं मंदिर आहे, आणि पंजाबातून येणाऱ्या भक्तांमुळे फलक गुरुमुखीतही आहेत. लंगरमध्ये आम्हाला आग्रहाने बसवलं, डाळ-रोटी आणि खीर वाढली. वाढणाऱ्या बाई जालंधरकडच्या होत्या. आईला पंजाबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण दोघी गुडघेदुखीवर दहा मिनिटं बोलल्या. मालवीयांनी १९२७ मध्ये दशाश्वमेध घाटावर दलितांना मंत्रदीक्षा दिली होती, आणि १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. त्यांच्या विद्यापीठाचं दर्शन सीरला न जाता पूर्ण होत नाही, असं माझं ठाम मत आहे. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी नेऊ नका, ई-रिक्षा बरी.

कधी जावं असं विचाराल तर माघात. विद्यापीठाचा वर्धापनदिन वसंत पंचमीला असतो, स्थापनास्थळी पूजा होते आणि विद्यार्थी चित्ररथ काढतात. त्यानंतर दहा दिवसांनी माघ पौर्णिमेला रविदास जयंती येते, तेव्हा सीरला अफाट गर्दी लोटते आणि लंका भागातली वाहतूक बदलते. त्या दहा दिवसांत जाणार असाल तर खोली आणि परतीचं तिकीट दोन्ही महिने आधी धरून ठेवा. पौर्णिमेच्या आसपास सामान घेऊन लंकेतून जायचा प्रसंग येऊ देऊ नका. आईने नव्या पंचांगात पुढच्या माघाच्या तारखा काढून ठेवल्यात आणि मंडळातल्या चौघींची नावंही लिहिलीत.